डोळं उद्या

अंग रंगवून झालं की ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवायचा, सिमेंटच्या बिबट्याच्या कपाळावर तळवा टेकवायचा आणि म्हणायचं, "डोळं उद्या." दिवाळीच्या सुट्टीआधी जुन्नरच्या आमच्या बागेत चाचांचं हे दरवर्षी ठरलेलं. ते पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि बागेतली पाच जनावरं रंगवायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत.

बागेच्या समितीत यादीचं काम माझ्याकडे असतं. झोके सहा, घसरगुंड्या तीन, बाकं अकरा, कारंजं एक, बंद. चाचांना ती अपुरी वाटायची. बाग होण्याआधी इथं आठवडी बाजाराला आलेल्यांचे बैल बांधत, ते यात कुठं आहेत, असं विचारायचे. मी म्हणायचे, रंगवायचं तेवढंच लिहिते.

"मंग बैल बी रंगवतो, ताई."

बिबट्या तेव्हा हसरा होता. तुमच्यापैकी कितीतरी जणांचा लहानपणीचा फोटो त्याच्या पाठीवरचा असेल.

एकदा पिंपरी पेंढारची एक बाई पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी बिबट्यावर चढली, तशी आईनं दंडाला धरून तिला उतरवलं. चाचा शेजारी जिराफ रंगवत होते. ती त्यांना म्हणाली, "चाचा, याला हसरा नका ठिवू. आमच्या घराला लागून ऊस हाय. परवा बांधावर खरा बसला व्हता. बागेतला वाघ आला म्हणून ही हाका मारत त्याच्याकडं निघाली."

चाचांनी ब्रश खाली ठेवला. त्या दिवशी बिबट्याच्या रंगाचा डबा उघडलाच नाही, तसाच घरी नेला.

ते हसू त्यांनी पॉलिश पेपरनं घासून काढलं. तीन दिवस लागले. डोळे नव्यानं काढले, थंड, रोखलेले. समितीत कुरकुर झाली. मीही ऐकवलं, की पोरं आता बसत नाहीत.

"नाय बसली तर नाय," म्हणाले, आणि पोरांना गोळा करून खेळ शिकवला. बिबट्यासमोर उभं राहायचं. "पाठ दावायची नाय, पळायचं नाय. बघत बघत मागं." न वळता फाटकाला टेकेल तो जिंकला. झोके रिकामे पडू लागले.

पुढच्या वर्षी रंगकाम चालू असताना ती बाई पुन्हा आली, खास त्यांना भेटायला. बिबट्या परत बांधावर आला होता. या वेळी मुलगी बागेत शिकल्याप्रमाणे उलट्या पावलांनी दारापर्यंत आली होती. चाचा बाकावर बसले आणि हाताच्या पाठीनं डोळे पुसले. पापणीला पिवळा रंग लागला, तो दिवसभर तसाच होता.

गेल्या दिवाळीआधी त्यांनी बिबट्याचं अंग रंगवलं, ठिपके दिले, कपाळावर तळवा टेकवला. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. पहाटेच गेले होते.

नवा पेंटर चांगला आहे, वेळेवर येतो. डोळे काढू का, असं त्यानं दोनदा विचारलं. यादीत काम शिल्लक राहिलेलं मला खपत नाही. तरी दोन्ही वेळा मी म्हटलं, उद्या.

पोरं त्या कोऱ्या डोळ्यांसमोरही खेळतात. संध्याकाळी फाटकाला कुलूप मी लावते. सगळे गेले की बिबट्यासमोर उभी राहते आणि बघत बघत मागं सरते. परवा बाकाला अडखळले. वळून मात्र पाहिलं नाही.