आय्तु साहेब

काम हातात घ्यायच्या आधीच ‘आय्तु’ म्हणून मोकळा होणारा माणूस मी एकच पाहिला. आय्तु म्हणजे कानडीत ‘झालं’. बेळगावात मराठी माणसाच्या तोंडीही हा शब्द सहज असतो. पण शिरोळकर साहेबांच्या तोंडून तो निघाला की समजायचं, काम अजून व्हायचंय आणि ते आता दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडणार. आम्ही त्यांना पाठीमागं ‘आयतोबा’ म्हणायचो. ते त्यांच्या कानावर गेलं, तर त्यांना वाटलं, पोरं लाडानं म्हणतात.

बंगळुरात दोन कंपन्या फिरून ते आमच्याकडे आले होते. खासबागेत एका कापडदुकानाच्या वर आमचं छोटं ऑफिस होतं, लोकांचे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळायचं. मालकांना सगळे आण्णा म्हणत. साहेबांनी पहिल्या दिवशी फक्त एक काम मनापासून केलं, खिडकीजवळची खुर्ची बळकावली. टायपिंग दोन बोटांनी करायचे; दुसऱ्याचं श्रेय घ्यायचे ते मात्र दहा बोटांनी.

त्यांचं आवडतं प्रवचन नेटवर्कच्या ‘खोली’वर असे. एकाच सर्व्हरच्या पोटात भिंत घालून वेगळी खोली करता येते. तिचं नेटवर्क तिच्यापुरतं. चाचणी तिथं करायची आणि मग खोली मोडून टाकायची. “खोली मोडली की आतलं सामान बी गेलं. आवराआवर सिस्टीम करतीया. आपन कशाला वाकायचं रं? आय्तु!” असं म्हणून ते चहा मागवत. हे ज्ञान अर्धं होतं. सर्व्हर बाहेरच्या जगाशी बोलतो तो नेटवर्क कार्डातून. खोलीतली खोटी, म्हणजे सॉफ्टवेअरनं बनवलेली कार्डं खोलीबरोबर नष्ट होतात. पण खरं, हातात धरता येणारं कार्ड खोलीत नेलेलं असेल, तर सिस्टीम ते मुख्य घरात, म्हणजे सर्व्हरच्या मूळ नेटवर्कात, परत आणून ठेवते. पत्ता पुसलेलं आणि बंद. त्याच नावाचं दुसरं कार्ड घरात आधीच असेल, तर याचं नावही बदलते. एवढं वाचायला अर्धं पान पुरलं असतं. साहेबांना अर्धं पानही जड होतं.

निपाणीकडच्या एका दूध डेअरीचा सर्व्हर आमच्याकडे होता. रेखानं त्यात नवं कार्ड बसवलं होतं. ही वडगावची पोर. घरात वडिलांचे यंत्रमाग, आणि महिन्याचा पगार असा तिचा एकटीचाच. त्या महिन्यात ती कायम होणार होती. साहेबांनी चाचणीसाठी तिचं कार्ड खोलीत नेलं, त्याला मुख्य कार्डाचंच नाव दिलं आणि काम संपल्यावर खोली मोडली. त्या कार्डावरून चालणारा गावोगावच्या दूध संकलन केंद्रांचा संपर्क तुटलेलाच राहिला. साहेबांनी यादीत रेखाच्या कार्डाचं जुनं नाव शोधलं, दिसलं नाही. लगेच निदान: “कार्ड जळालं. पोरीनं नीट बसवलं न्हाई.”

मी तेव्हा खानापूरला लग्नाला गेलतो. परत आलो तोवर डेअरीचे चेअरमन ऑफिसात येऊन गेले होते. त्यांच्यासमोर साहेबांनी रेखाला उभं करून “चूक माझी झाली” असं म्हणायला लावलं होतं. “म्हन की, मिटून जाईल,” असं समजावलंही होतं म्हणे. ती म्हणाली. मिटलं ते असं की आण्णांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

साहेब मलाही मोठ्या ऐटीत सांगत होते, “मी तर चाचणीची खोली बी मोडून ठेवलीती.” ते ऐकलं आणि मी उठलो. आण्णांना बोलावून कार्डांची पूर्ण यादी पडद्यावर काढली. तळाशी एक अनोळखी नाव होतं, बंद पडलेलं. त्याला पत्ता दिला, चालू केलं. केंद्रं बोलू लागली. आण्णांचा चेहरा पडला. साहेब म्हणाले, “बघा, मी म्हनत हुतो न्हवं, कार्ड चांगलंच हाय!” असा कोडगा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आण्णांनी तिथूनच रेखाला फोन लावला. “पोरी, ये परत. कायम करतो.”

“येते की आण्णा,” ती म्हणाली. “पन चेअरमनसमोर मला चूक कबूल करायला लावली. आता सरास्नी बी त्यांच्यासमोरच करू दे. मग येते.”

आण्णांनी मला आणि साहेबांना निपाणीला धाडलं. वाटभर साहेब बंगळुरातल्या गमती सांगत होते. चेअरमन म्हणजे उन्हानं रापलेला शेतकरी माणूस. त्यांनी चहा, चिवडा पुढं ठेवला. साहेबांनी चिवडा संपवला, हात पुसले आणि मान तिरकी करून म्हणाले, “त्या दिवशीचं म्हनाल तर, चूक कार्डाचीच हुती बघा.”

चेअरमननी चिवड्याची रिकामी बशी बाजूला सारली. “मग कार्डाला काढायचं की ओ. पोरीला कशापायी काढलासा?”

साहेब हसले. लाज नावाची गोष्ट त्यांच्यात शोधायला कुठली यादी काढावी, मला कळेना. त्यांनी चहाचा कप उचलला आणि फुर्रकन घोट घेतला.

बाहेर येतो तोच रेखाचा फोन आला.

“दादा, बोलले काय सर?”

“न्हाई गं.”

“मग ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. तिच्या पाठीमागं यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. “आण्णास्नी सांगा, माझी वाट बघू नका म्हनून.”