उसना बाप

माझे वडील गणिताचे मास्तर, आई पोस्टात. तरी रॅपच्या स्पर्धेच्या अर्जात मी लिहिलं, 'बाप खलाशी, मी दर्यावर वाढलो.' मास्तरांच्या मुलाचं रॅप कोण ऐकणार, असं वाटलं होतं. आमच्या जोडीची निवड झाली. त्या दिवसापासून मांडवीच्या जेट्टीवर कुणी ओळखीचं दिसलं की मी रस्ता बदलायचो.

गाण्याला ठेका कॉलेजातला मित्र द्यायचा. तो खराच मच्छीमाराचा मुलगा. माझी थाप त्याला ठाऊक होती.

"वापर माझा बाप," तो हसून म्हणायचा, "पण सांभाळून परत कर."

मग स्पर्धेतर्फे मुंबईहून एक बाई व्हिडिओ काढायला आल्या. त्यांना मी भर समुद्रात, होडीवर गाताना हवा होतो. मला पोहता येत नाही, हे सांगणार कसं? होडी मित्राच्याच वडिलांची ठरली. किनारा मागे पडला तशी मी होडीची कड घट्ट धरली.

"जाळं ओढ, नेहमी ओढतोस तसं," बाई म्हणाल्या.

मी ओढायला गेलो आणि माझाच पाय त्यात अडकला. मित्राचे वडील सुकाणू धरून निरखून बघत होते.

"तू मास्तरांचा ना रे? मी नापास झालो होतो त्यांच्या वर्गात."

कॅमेरा चालूच होता. मी तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी उलटी आली. होडी कलली. मी किंचाळून त्यांचे गुडघे धरले.

"काका, मला परत न्या!"

"खाली बघू नको. लांब बघ, किनाऱ्याकडे," ते म्हणाले आणि त्यांनी होडी वळवली.

जेट्टीवर उतरल्यावर मी बाईंना सगळं सांगून टाकलं. आठवड्याभरात आम्हाला स्पर्धेतून काढलं. आम्हाला, म्हणजे मित्रालाही.

माफी मागायला मी त्याच्या घरी गेलो. त्याने दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही.

"तुझ्यासाठी ही हौस होती," तो म्हणाला. "उद्या तू बँकेत लागशील. मला बोटीवर जायचं नव्हतं रे."

मी दारातूनच परतलो.

आता तो बोटीवर जातो आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच गातो, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. मी मागे उभा राहून ऐकतो. बोलतो तो माझ्याशी, पण मोजून. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागला की मी त्याला फोन लावतो, आणि तो उचलेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो.