नुसतं नाव बदललेली बाई

धुळ्याजवळच्या त्या गावात ट्रॅक्टर चालवणारी बाई एकच, यशोदाबाई. नवऱ्याच्या माराबद्दल ती सख्ख्या बहिणीशीही बोलली नव्हती. आठ वर्षांपूर्वी मुलाखत घ्यायला आलेल्या एका संशोधक मुलीला मात्र तिनं सगळं सांगितलं, कारण ती पोरगी म्हणाली होती, "माझ्याशिवाय हे कोणी वाचणार नाही."

आज हितेंद्र नावाचा दुसराच संशोधक तीच मुलाखत विद्यापीठाच्या संग्रहातून छापून घेऊन तिच्या ओट्यावर चहा पीत बसला होता. तिनं त्याला ती मोठ्यानं वाचायला लावली. नाव तेवढं 'सुमन' झालं होतं. गाव, लाल ट्रॅक्टर, मारानं वाकडा झालेला डावा हात, सगळं जसंच्या तसं. एवढं शिकून या लोकांनी भिंत पाडली होती आणि दाराला कुलूप लावलं होतं.

"तुमची ओळख अगदी गुप्त आहे, अक्का," हितेंद्र म्हणाला.

"भाऊ, मग तुले मन्हं घर कसं सापडनं?"

"सोपं होतं. पारावर पहिलं पान वाचून दाखवलं," तो खुशीत म्हणाला. "चौघांनी एकदमच इकडे बोट दाखवलं."

यशोदाबाईनं त्याच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि चहा मोरीत ओतला.