घराचा उतार

ताईच्या हातातून दोऱ्याचं रीळ पडलं, तर ती त्याच्यामागे धावत नसे. कापड बाजूला ठेवायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि सावकाश चालत आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी जायची. रीळ तिथेच अडून बसलेलं असायचं. त्या घरात जे जे गोल होतं ते शेवटी त्या उंबऱ्याशीच पोचायचं, कारण घर मागच्या अंगाला खचलं होतं. लग्न झाल्यावर सुरुवातीला ताईला चालताना कुणीतरी पाठीवर हात ठेवून हलकेच ढकलतंय असं वाटायचं. पुढे ते वाटेनासं झालं. नंतर नंतर तर माझ्याकडे आली की म्हणायची, "तुझी फरशी कुणी बसवली गं? चढ लागतो."

ताई माझी मोठी बहीण. ती पडदे शिवायची. गावातल्या निम्म्या खिडक्यांची मापं तिला तोंडपाठ होती. कुणाचं नाव विसरेल, पण "त्या रुंद खिडकीवाल्या बाई" म्हटलं की तिला चेहरा आठवायचा. भाऊजी लिफ्टच्या देखभालीचं काम करायचे. लिफ्ट मजल्याला अगदी बरोबर लागली पाहिजे, बोटभर वर-खाली झालेलं त्यांना खपत नसे. कुणाच्या घरी गेले तरी भिंतीवरचा वाकडा फोटो आधी सरळ करायचे, मग बसायचे. आणि असा माणूस त्या कलत्या घरात जन्मला, वाढला, पण त्यांना ते घर कधी कलतं वाटलं नाही.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी होडी बांधायला काढली. मासेमारीची छोटी होडी नव्हे. शिडाची, आत दोन खोल्या, चूल, झोपायला फळ्या, महिनोन्‌महिने किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडता येईल अशी. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "जन्मभर वर-खाली केलं. आता जरा आडवं जाऊ."

घराच्या लांब भिंतीला लागून पत्र्याची शेड उभी राहिली. ताईची कपडे वाळत घालायची दोरी गच्चीवर गेली. शेजारी भाऊजींना कप्तान म्हणू लागले. "होडी तरंगेल तेव्हा तरंगेल, अंगण मात्र बुडालं," असं समोरच्या वकिलीणबाई रोज एकदा तरी म्हणायच्या. प्लायवूडच्या फळ्या जोडायला दोन डब्यांतला चिकट द्राव एकत्र करायचा, त्याला इपॉक्सी म्हणतात, त्याचा वास सगळ्या घरात भरून राहिला. ताई म्हणायची, "लोकांचे नवरे पितात, आमचे चिकटवतात. वास तेवढाच." मोडीत निघालेल्या लिफ्टची लोखंडी वजनं भाऊजींनी मागून आणली आणि होडी उलटू नये म्हणून तिच्या तळाशी बसवली. म्हणजे ती होडी निम्मी लिफ्टच होती.

त्या आतल्या खोलीत ताईच्या सासूबाई असायच्या. कमरेचं हाड मोडल्यापासून त्या पलंगाला खिळल्या होत्या. जीभ शाबूत होती. त्यांचं एकच मागणं असायचं, "दार लोटू नकोस गं. माणसं दिसली पाहिजेत." ते दार तसंही लोटून राहत नसे. घराच्या उतारामुळे, कडी घातली नाही तर आपोआप आतल्या बाजूला हळूहळू उघडायचं, आणि शेवटी भिंतीवर आपटायचं. टक. मोठा आवाज नाही. कुणी बोटाच्या पेराने वाजवावं तेवढाच. वारा असो नसो. कडी पुढे गंजून मोडली, आणि ती कुणी बसवलीच नाही. सासूबाई म्हणायच्या, "घराला कळतं. तुला कळत नाही."

भाऊजींनी शिडं विकत आणायची ठरवली तेव्हा ताई म्हणाली, "मी काय मेले की काय? मी शिवते." शिडाचं कापड पडद्यासारखं मऊ पडत नाही. ते कागदासारखं ताठ असतं आणि सुई मोडतं. मोठं शीड पसरलं की पुढची खोली भरून जायची. भाऊजी कामावर गेले की दुपारभर मशीन चालायचं. त्या खडखडाटाने सासूबाईंची झोप मोडायची, मग त्यांची बडबड सुरू व्हायची.

अशाच एका दुपारी ताईने दार लोटलं. म्हातारीला जरा डोळा लागू दे आणि आपलीही शिवण पुरी होऊ दे, एवढंच तिच्या मनात होतं. दार उघडेल म्हणून तिने कापडाची छोटी पट्टी पुढच्या बाजूने दाराच्या मुठीला बांधली आणि घडी केलेलं दुसरं शीड गाठोडं करून त्या पट्टीवर वजन म्हणून ठेवलं. मशीन थांबलं तेव्हा चहाची वेळ झाली होती. तिने गाठोडं उचललं. दार उघडलं, भिंतीला लागलं, टक. सासूबाई गेलेल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, झोपेत गेल्या. सगळे म्हणाले, चांगलं मरण आलं. तेराव्या दिवशी भांडी घासताना ताईने मला सांगितलं, "त्यांच्या पलंगाखाली चपला असायच्या ना, कधी न घातलेल्या? त्यातली एक दाराशी होती."

"सरकली असेल गं. त्या घरात काय सरकत नाही."

"त्या खोलीचा उतार पलंगाकडे आहे," ताई म्हणाली. "त्या घरात दाराकडे काहीच सरकत नाही."

मी पातेलं विसळत राहिले. आणि ते दार आपलं दर दुपारी आपोआप उघडत राहिलं.

त्यानंतर होडीची घाई भाऊजींपेक्षा ताईलाच झाली. पॉलिश पेपर घेऊन तीच फळ्या घासायची. डोलकाठीला रोगण तीच लावायची. "एकदा पाण्यावर गेलो की झालं," म्हणायची. "तिथे तो आवाज येणार नाही." भाऊजींना वाटायचं, बायकोला समुद्राची ओढ लागली. ते खूश होते. तिने त्यांना चपलेचं सांगितलं नव्हतं, मीही सांगितलं नाही. भाऊजी निवृत्त झाले. घराची किल्ली माझ्याकडे ठेवायची, आणि दोघांनी निघायचं, असं ठरलं. ताईला त्या घरातून सुटायचं होतं, आणि सुटायला होडी ही एकच वाट होती.

क्रेनने होडी उचलली तेव्हा सगळी गल्ली जमली होती. वकिलीणबाईंनीही टाळ्या वाजवल्या. होडी पाण्यात सरळ तरंगली. भाऊजी सारखे लांब जाऊन एक डोळा मिटून बघून येत होते. "बघा, लिफ्टसारखी लागली," म्हणाले.

पहिल्या फेरीला दोघंच गेली. आठवडाभराने येणार होती. दुसऱ्याच दिवशी ताई पिशवी घेऊन माझ्या दारात उभी. पाय धुतले, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "मी जाणार नाही. तू त्यांना सांग."

एका आडोशाला त्यांनी नांगर टाकला होता. दुपारची वेळ, वारा पडलेला, पाणी ताटासारखं. भाऊजी वर दोर आवळत होते. ताई आत बसून शिडाचा एक टाका घट्ट करत होती. रीळ हातातून पडलं. ती सवयीने उठली, सवयीने पुढे गेली, आणि तिथे पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण घरात नाही. रीळ होडीच्या पुढच्या खोलीच्या दाराशी अडून बसलं होतं. ती बघत असतानाच ते दार आत उघडलं. सावकाश. मग, टक.

"तोच आवाज," ती म्हणाली. "तस्साच. त्या आल्यात."

संध्याकाळी भाऊजी आले. चेहरा उतरलेला. "माझं काय चुकलं ते तरी सांग," ते ताईला म्हणत होते आणि ताई पडद्याची शिवण बघत होती. मग मीच त्यांना दाराचं सांगितलं. चपलेचं नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि उठून गेले. सकाळी आले तेव्हा त्यांच्या हातात पाणसळ होती, गवंड्याकडे असते तशी, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली.

"गाढव आहे मी," ते म्हणाले. पण हसत होते.

झालं होतं असं. होडीचं बाहेरचं अंग त्यांनी नीट मापाने बांधलं होतं. आतलं काम सुरू झालं तेव्हा ती शेडमध्ये लाकडी टेकूंवर उभी होती. पावसाने जमीन भुसभुशीत झाली की टेकू रुतायचे, आणि पाणसळीचा बुडबुडा दर आठवड्याला वेगळं सांगायचा. म्हणून त्यांनी जी कधीच हलत नाही अशी वस्तू धरली. घर. घराच्या जोत्यावरच्या रेघेला समांतर सुतळी ताणून ती होडीत ओढली, आणि तळफळ्या, बाकं, दारांच्या चौकटी, सगळं त्या सुतळीला धरून बसवलं. दुसऱ्या कुणाला त्या होडीत शिरताच तोल गेल्यासारखं वाटलं असतं. या दोघांना तेच सपाट होतं.

"घर थोडंच हलतंय, म्हटलं," भाऊजी म्हणाले. "ते आधीच हललंय हे ध्यानातच आलं नाही. अगं, आपण घराचा उतार बरोबर घेऊन गेलो. दुसरं काही नाही."

ताईने पाणसळ हातात घेतली, आडवी-तिडवी करून बुडबुड्याकडे बराच वेळ पाहिलं. "सरळ करता येईल?"

"सगळं उचकटावं लागेल."

"उचकटा."

काही महिन्यांनी क्रेन मिळाली तेव्हा होडी पुन्हा बाहेर काढली. तळाला चिकटलेले शिंपले ताईने लोखंडी पट्टीने खरवडले; हात सोलून निघाले. आतल्या फळ्या काढून पुन्हा बसवल्या, चौकट सोडवून नवी घातली. ताईने त्या सगळ्या काळात एकदाही भुताखेताचं नाव काढलं नाही. उलट म्हणाली, "इतकी वर्षं मी एका उताराला घाबरत होते. सांगायचीसुद्धा लाज."

निघण्याआधीच्या चाचणीला त्यांनी मलाही नेलं. सामान आत लावायला मी मदत केली. दुसरं शीड, तेच घडीचं गाठोडं, मीच पुढच्या खोलीत अगदी टोकाला, फळीखाली कोंबलं. त्याच आडोशाला नांगर टाकला. पाणी तसंच निवांत. ताईने रीळ खाली ठेवलं. ते जागचं हललं नाही. तिने पुढचं दार लोटलं. ते लोटलेलंच राहिलं.

"चढ लागतोय," ती दोन पावलं चालून म्हणाली.

"मलाही," भाऊजी म्हणाले, आणि आम्ही तिघं हसलो.

चहा झाला. भाऊजी साखर विसरले म्हणून ताई त्यांना टोमणा मारत होती, इतक्यात आवाज आला. टक.

दार बंद होतं. आवाज आतून आला होता.

"नांगराची साखळी," भाऊजी म्हणाले आणि वर गेले. मला खिडकीतून साखळी दिसत होती. ती सैल, सरळ पाण्यात उतरली होती. पुन्हा आवाज आला. या वेळी थोडा थांबून, दोनदा. कुणीतरी हाक मारून पाहावी, मग जरा वाट बघावी, तसा.

मी ताईकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती किंचाळेल, निदान माझा हात धरेल. तिने हातातला कप खाली ठेवला. मशीनचं पायडल सोडताना व्हायचा तसा तिचा चेहरा झाला होता, जरा त्रासलेला, जरा दमलेला, ओळखीचा.

"आले हं, आई," ती म्हणाली.

दार ढकललं तर उघडेना. खांदा लावावा लागला. आत फटीतून दिसलं, शिडाचं गाठोडं दाराला आतून टेकून बसलं होतं. मी ते टोकाला कोंबलं होतं. तळफळ्या सपाट होत्या आणि पाणी हललं नव्हतं. ताईने ते पायाने बाजूला सारलं, दार पूर्ण उघडून भिंतीशी धरलं, आणि आत रिकाम्या फळीकडे बघत तशीच उभी राहिली.

भाऊजी खाली आले. "साखळी ठीक आहे," म्हणाले.

"अहो, इथे भिंतीला एक आकडा लावा," ताई म्हणाली. "दार उघडंच राहू दे."

"आता तर ते लोटलेलं राहतंय."

"राहतंय म्हणूनच."

त्यांनी आकडा लावला. पुढच्या आठवड्यात दोघं निघाली.

फोन येतो. परवा ताई सांगत होती, वाऱ्याने शिडाचा एक कोपरा उसवला, शिंपले पुन्हा धरलेत, पाठ गेली, आणि तुझे भाऊजी पाण्यावरसुद्धा फोटो सरळ करतात. मी भीत भीत विचारलं, "आणि दार?"

"उघडंच असतं की," ती म्हणाली. "माणसं दिसतात त्यांना. आता कुरकुर नाही."

काल मी खिडक्या उघडायला त्यांच्या घरी गेले. पुढच्या खोलीत मशीनच्या पायाशी एक पांढरं रीळ राहिलं होतं. मी ते जमिनीवर ठेवून सोडलं. ते नेहमीच्या वाटेने घरंगळत गेलं आणि उंबऱ्याशी थांबलं. उतार जागेवर आहे.

आतल्या खोलीचं दार बंद होतं. कडी नाही, पट्टी नाही, गाठोडं नाही. मी बराच वेळ तिथे उभी राहिले. मग दोन बोटांनी ढकलून ते उघडलं आणि सोडून दिलं. माझ्या डोळ्यांदेखत ते उताराच्या उलट, चढावर, हळूहळू परत आलं आणि लागलं.