लाल पट्ट्याचे मोजे

‘जाड मोजे घाल, भागेल.’ हे वाक्य माझं आहे. मी ते पूर्ण शुद्धीत बोललो, आणि पुढे चार माणसांसमोर ‘मी असं काही बोललोच नाही’ असंही मीच म्हणालो. आजवर हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पण बिरवाडीच्या आत्याबद्दल लिहायचं, तर हे आधी लिहायला हवं. नाहीतर तिचं जे कौतुक मी पुढे करणार आहे, ते करायचा मला अधिकारच उरत नाही.

आत्या माझी कुणी नव्हे. बिरवाडीत तिची खानावळ होती, म्हणजे एक खोली, पुढे पत्र्याचा आडोसा आणि दोन बाकं. कारखान्यांतली कंत्राटी पोरं तिथे जेवायची. त्यांच्यातला संतोष हा तिच्या भावाचा मुलगा. तो आत्या म्हणायचा, म्हणून सगळेच आत्या म्हणायचे. मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. घर महाडात, डबाही घरचा. तरी आठवड्यातून दोनदा तिच्याकडे जेवायला बसायचो. कुळथाचं पिठलं तिच्यासारखं कुणाला जमत नसे.

पण लोक तिला ओळखायचे ते पिठल्यामुळे नव्हे. ती मोजे विणायची. आमच्याकडे, जिथे मे महिन्यात अंगातला सदरासुद्धा नकोसा होतो, तिथे ही बाई चार सुयांवर पायमोजे विणत बसायची. सुयाही विकतच्या नव्हत्या. सायकलच्या चाकाच्या तारा कापून, टोकं दगडावर घासून तिने त्या केल्या होत्या. डाळ शिजतेय, पोरं भांडतायत, गॅसवाल्याशी हुज्जत चालू आहे, आणि हात आपले विणतायत. खाली बघणं नाही. नवीन आलेला कुणीतरी हमखास बोलायचा, “आत्या, कोकणात मोजे? मग म्हशीला पण स्वेटर घाल की!”

“घालीन,” ती म्हणायची. “म्हस निदान पाय धुऊन गोठ्यात शिरते. तू बूट काढलास की माजी आमटी नासते.”

तिचं माहेर वर डोंगरात, कुडपणला. तिथली थंडी वेगळी. नवऱ्याचं घर सोडल्यावर काही वर्षं ती पाचगणीला एका शाळेच्या वसतिगृहात कपडे धुवायला होती, आणि तिथल्या मेट्रनबाईंनी तिला विणायला शिकवलं. खाली बिरवाडीत आल्यावर तिने लोकर सोडली आणि सुती दोरा धरला. कारण तिने पोरांचे पाय पाहिले. पावसाळ्यात आठ-आठ तास ओल्या बुटात, त्यात नायलॉनचे मोजे. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊन कातडी पांढरी पडलेली. मलम लावून झालं, हळद-तेल झालं. मग तिने दुहेरी सुती दोऱ्याचे मोजे विणून एकाला दिले आणि दुसरी जोडी वाळत घातली. “एक पायात, एक दोरीवर,” असा तिचा नियम. महिनाभरात त्याचे पाय बरे झाले. तेव्हापासून तिच्या बाकांवर बसणाऱ्या प्रत्येकाला मोजे घालावे लागत. न घालणाऱ्याला ती वाढायची, पण दुसरी भाकरी मागितली की ऐकू यायचं नाही तिला.

माप घ्यायची तिची पद्धत मजेची होती. पाय बघायचीच नाही. “मूठ वळ,” म्हणायची, आणि विणत असलेला मोजा त्या मुठीभोवती गुंडाळायची. टाचेपासून टोकापर्यंतची पट्टी मुठीला बरोबर वेढा घालून आली की माप जुळलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती जादू वाटली. मी घरी जाऊन माझ्या मुठीभोवती मोजा गुंडाळून पाहिला. बरोबर आला.

टाच वळवताना मात्र ती कुणाशी बोलत नसे. वरची नळी गप्पा मारत विणायची, पुढचा पंजाही. टाच आली की तोंड बंद. कुणी मध्ये बोललं तर डोळे वटारायची. टाच झाली की श्वास सोडून म्हणायची, “झाला मोजा. आतापरतूर नुसती नळी होती. नळी काय, कोणी पण विणतो.”

आता संतोषचं.

त्या वर्षी कंत्राटी पोरांचे नवे सेफ्टी बूट आले, त्यात सात नंबर कमी आले. मागणी पाठवणं माझं काम. आज पाठवू, उद्या पाठवू करत मी ती लांबवली. संतोषचा पाय सातचा. मी त्याला आठचा जोड दिला. तो म्हणाला, “भाऊ, टाच निघते बाहेर.” हे बोलणं आत्याच्या बाकावरच झालं. माझ्यापुढे ताट होतं. मी म्हणालो, “जाड मोजे घाल, भागेल. आत्या, विणून दे त्याला चांगले जाड.”

आत्याला काय आनंद झाला! इतकी वर्षं तिच्या मोज्यांची थट्टा झाली होती, आणि आज कंपनीचा माणूस ते मागत होता. तिने दोऱ्याचे तीन पदर केले. दोन दिवसांत जोडी तयार. आळीत सांगत सुटली, “कंपनीतून सांगून आलंय हां. भाऊ सोता बोलला.”

पंधरवडाही गेला नसेल. संतोष लोखंडी शिडीवरून उतरत होता, शिडी ओली होती, टाच बुटातून सुटली आणि तो खाली आला. घोट्याचं हाड तीन ठिकाणी मोडलं. मी धावत गेलो तेव्हा एक बूट शिडीपाशीच पडलेला होता. तो मी उचलला. दुसऱ्या दिवशी तो जोड भंगारात गेला. मीच टाकला.

चौकशी मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली. संतोष दवाखान्यात, म्हणून आत्या आली. कुणी बोलावलं नव्हतं तिला. गेटवरच्या माणसाला म्हणे तिने विचारलं, “मला अडवतोस, मग काल जेवलास कुटं रे?” आणि आत आली. सेफ्टीचे साहेब म्हणाले, कामगाराने घरी विणलेले जाड मोजे घातले होते, त्यामुळे पाय बुटात पूर्ण आत गेला नाही, चूक कामगाराची. आत्या शांतपणे माझ्याकडे बोट करून म्हणाली, “मोजे ह्यांनी सांगितले. बूट मोठा व्हता म्हणून सांगितले. विचारा.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “बूट मापाचाच दिला होता. मोज्याचं मला काही माहीत नाही. मी असं काही बोललोच नाही.”

मला वाटलं, आता ही रडेल किंवा शिव्या देईल. तिने पिशवीतून सुया काढल्या आणि तिथेच, केबिनमधल्या खुर्चीत बसून विणायला लागली. मॅनेजर म्हणाले, “अहो बाई, हे इथे काय?”

“बोला की तुमी. मी ऐकतेय.”

“ते ठेवा आधी बाजूला.”

“साहेब, हात गुतलेले हायत तेच बरं. मोकळे झाले तर ह्या खोलीत एकाच्या कानाखाली बसतील.”

तिने माझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. चौकशी संपेपर्यंत ती विणत राहिली, आणि उठताना मला म्हणाली, “येते, साहेब.” त्या दिवसापर्यंत मी तिचा भाऊ होतो, आणि तू होतो.

आठवड्याने फळ्यावर सूचना लागली: घरी विणलेले मोजे कामावर वापरण्यास मनाई. आता खानावळ चालवणाऱ्या एकट्या बाईने काय करावं? गप्प बसावं. गिऱ्हाइकं कारखान्यातलीच. आत्याने बाजारातून लाल दोरा आणला आणि यापुढे प्रत्येक मोज्याच्या वरच्या काठाला बोटभर लाल पट्टा विणायला सुरुवात केली. “चोरून घालायचे नायत,” तिने पोरांना बजावलं. “लांबून दिसले पायजेत.” शिफ्ट बदलायच्या वेळी ती पिशवी घेऊन गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडे बसायची. रस्ता काय कंपनीचा नव्हता. पोरं तिथे बूट काढून मोजे चढवायची, पँटचे पाय दुमडायची आणि लाल पट्टे दाखवत आत शिरायची. किती जणांना घरी पाठवणार? सूचना फळ्यावर राहिली, पट्टे पायांत राहिले.

रात्री जेवायला बसताना तिचा एकच प्रश्न असे. “आज कोण पडला रे शिडीवरनं?”

सगळे एका सुरात ओरडायचे, “कोणी नाय, आत्या!”

“मग वाढते.”

तो अख्खा पावसाळा तीच शिडी, तेच मोजे. कुणी पडलं नाही. हे मी रोज बघत होतो, बुटांचे नंबर आता नीट तपासून देत होतो, आणि गप्प होतो.

एका संध्याकाळी मी गेटमधून बाहेर पडलो तेव्हा तिने हाक मारली. पोरांची गर्दी होती. “साहेब, मूठ वळा.”

“कशाला?”

“वळा तर. मूठच मागतेय, नोकरी नाय.”

पोरं हसली. मी मूठ वळली. तिने विणत आणलेला मोजा माझ्या मुठीभोवती गुंडाळला, मान हलवली. काही दिवसांनी तिथेच, तितक्याच गर्दीत, तिने जोडी माझ्या हातात दिली. लाल पट्ट्याची. “हे घाला आणि त्या शिडीवर चढून उतरा. पडलात, तर उद्यापासून मी विणायचं सोडते. नाय पडलात, तर काय बोलायचं ते तुमी बोला.”

मी जोडी घेतली आणि आत गेलो. शिडीकडे गेलो नाही. मोजे कपाटात टाकले आणि मागच्या दाराने घरी गेलो.

तरी ह्या बाईला तुम्ही कडवट म्हणू नका. महाडात पाणी शिरलं त्या वर्षी आमचा तळमजला छातीपर्यंत बुडाला. पाणी उतरल्यावर घरात चिखल, चूल नाही, प्यायला पाणी नाही. तिसऱ्या दिवशी एका टेंपोतून आत्या उतरली. डोक्यावर टोपली, तिच्यात भाकऱ्या, सुकट आणि लसणीची चटणी. आमच्या आळीत ती घरोघर वाटत आली आणि आमच्या दारात उभी राहिली. माझा हात पुढे होईना. ती म्हणाली, “घ्या, साहेब. भाकरी वेगळी, मोजे वेगळे. मी काय विसरले नाय. पण उपाशी माणसाशी मी भांडत नाय. जेवा, ताकद आणा, मग भांडू.”

बायकोने नंतर विचारलं, “कोण हो त्या? आणि मोज्यांचं काय म्हणत होत्या?”

मी म्हणालो, “खानावळवाल्या आहेत. बोलतात काहीतरी.”

संतोषचं हाड जुळलं ते वाकडं जुळलं. चालता येत होतं, बसून करायचं कामही जमलं असतं. दोन-तीन कारखान्यांत तो गेला. पण कंत्राटदार सगळे एकमेकांचे ओळखीचे. “तो मोजेवाला ना? नको. बेफिकीर पोरगा आहे.” हे शब्द माझ्यासमोर बोलले गेले आहेत आणि मी पाणी प्यायल्यासारखं केलं आहे. आता तो पोलादपूरला एका गॅरेजात पंक्चर काढतो. तो गेला आणि आत्यानेही खानावळ आवरली. निघायच्या दिवशी पोरांनी मोठा कल्ला केला, तिला टेंपोत बसवलं आणि सगळ्यांनी एक-एक पाय वर करून लाल पट्टा दाखवला. मी लांब, पानाच्या टपरीआड उभा होतो.

गेल्या हिवाळ्यात मी कुडपणला, तिच्या माहेरी गेलो. मनाशी वाक्यं जुळवत गेलो. आत्या अंगणात उन्हाला बसली होती, थकली होती, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. हात चालू होते.

“साहेब आले. बसा. गो सुमन, पाणी आण.” भावजय पाणी ठेवून आत गेली.

मी म्हणालो, “आत्या, त्या दिवशी केबिनमध्ये मी—”

“थांबा. टाच आलीय.”

मी थांबलो. ऊन अंगणातून भिंतीवर सरकलं. टाच वळून झाली तेव्हा तिने वर पाहिलं.

“मला कशाला सांगता? मी तितंच व्हते. बूट तुमी दिलात, मोजे तुमी सांगितलेत, नाय पण तुमीच म्हणालात. ह्यातलं मला काय ठाऊक नाय? मला सांगून तुमचं मन हलकं व्हईल. माज्या अंगणात नाय व्हायचं ते हलकं.”

“मग माफी तरी—”

“माफीबिफी नको. ती तुमालाच ठेवा. पोराला बेफिकीर म्हणतात. मी नाय का इचारलं त्याला रोज, मोजा नीट ओढलास काय रे? माजे मोजे वाईट म्हणून फळ्यावर लिवलं. आमचं दोघांचं नाव मला परत पायजे.” तिने सुई माझ्याकडे रोखली. “जितं खोटं बोललात तितं जाऊन बोला. खुर्चीत साहेब बसलेला असताना, संत्याच्या देखत. मी पण येईन. ह्या वयात घाट उतरून येईन, आणि तुमी बोलेपरतूर तितंच विणत बसेन. मला घाई नाय.”

मग तिने पंजा विणायला घेतला आणि मला विचारलं, चहात साखर किती.

त्याला आता वर्ष होत आलं. मॅनेजर बदलले, केबिन तीच आहे. मी रोज तिच्या दारावरून जातो. हे लिहिलं म्हणजे ते बोलून झालं असं नाही, हे मला कळतं. कागद कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. मी देणं लागतो ते इतकंच: त्या केबिनमध्ये उभं राहून, संतोषसमोर आणि आत्यासमोर, मोठ्याने म्हणायचं की बूट मापाचा नव्हता, तो मी दिला होता, जाड मोजे घालायला मी सांगितलं होतं, आणि मोज्यांचा काहीही दोष नव्हता. ते मी अजून म्हटलेलं नाही.