सगळ्यांना एकच माप

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी जळगावला होते आणि दिवाळीच्या सुटीत धुळ्याला घरी आले होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चाचांचं शिलाईचं दुकान. माझा बालवाडीचा फ्रॉकसुद्धा त्यांनीच शिवलेला. त्यांच्या मापांच्या वहीची पानं सुटी झालेली पाहून मी फुशारकीने म्हणाले, "चाचा, मी कॉम्प्युटरवर करून देते. नाव टाकलं की माप समोर."

"कर बेटा. पण सोपं ठेव. माझं एकच बोट चालतं."

मी जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत 'ग्राहक' नावाचा क्लास लिहिला. क्लास म्हणजे कोरा नमुना. त्यावरून प्रत्येक गिऱ्हाइकाचं स्वतंत्र ऑब्जेक्ट बनायला हवं. पण माप दाखवणारी मेथड, म्हणजे ते काम करणारा कोडचा तुकडा, बोलावली की स्क्रीनवर लाल अक्षरं यायची: ही मेथड स्टॅटिक नाही, इथून बोलावता येणार नाही. कारण काय ते शोधायचा मला कंटाळा. मी तिच्यापुढे 'स्टॅटिक' लिहिलं. मग तक्रार छाती, कंबर, बाही यांच्यावर आली. तिथेही लिहिलं. लाल अक्षरं गेली. स्वतःचं माप घालून पाहिलं, बरोबर आलं. झालं!

चार दिवसांनी चाचांनी मला हाक मारली. दुकानात आमच्या शाळेतले सर उभे होते. काडीसारखे बारीक सर, आणि अंगात नवा शर्ट. बाह्यांतून बोटंही दिसत नव्हती आणि पोटाशी अजून एक माणूस मावला असता. बाकावर शिंदखेड्याचे एक आबा बसले होते, चांगले भारदस्त. ते त्या शर्टाकडे टक लावून बघत होते.

"हाई ते मनं माप शे!" आबा म्हणाले.

खरंच, शर्ट आबांच्याच मापाचा होता. सरांचं कापड कापलं त्या दिवशी आबांचं माप सर्वांत शेवटी नोंदवलं होतं. नावं मी वेगळ्या यादीत ठेवली होती म्हणून ती बरोबर दिसत होती. माप मात्र सगळ्यांचं मिळून एकच, शेवटचं.

"मला शंका आली होती," चाचा म्हणाले. "पण कॉम्प्युटर सांगतोय म्हटल्यावर कापलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर मात्र आरशात बघून हसत सुटले. "अगं, मोठा झालाय तो बरा. लहान झाला असता तर?"

चाचांनी तिथल्या तिथे टाचण्या लावल्या. मी बाकावर आबांशेजारी लॅपटॉप उघडला.

"झालं काय होतं?" चाचांनी विचारलं.

"स्टॅटिक म्हणजे अख्ख्या क्लासचं मिळून एक. नवं माप आलं की आधीचं पुसलं जायचं."

"म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांत एकच पाटी?"

"हो," मी खाली मान घालून म्हणाले आणि सगळे स्टॅटिक काढून टाकले. आता प्रत्येक ऑब्जेक्टकडे आपापलं माप, आणि मेथड त्या-त्या ऑब्जेक्टला विचारायची. मापं पुन्हा भरली तेव्हा सरांची छाती सरांची झाली.

पण मी घाबरून जरा जास्तच काढलं. इंचाचे सेंटिमीटर करणारी एक छोटी मेथड होती, तीही आता ऑब्जेक्ट मागायला लागली. मी तिच्यासाठी एक खोटं गिऱ्हाईक तयार केलं. दुसऱ्या दिवशी चाचा यादीवर बोट ठेवून विचारतात, "हा कोण? नाव नाही, छाती शून्य, कंबर शून्य. याला शिवायचं काय?"

मी पोट धरून हसले. इंचाचे सेंटिमीटर करायला कोणाचं माप माहीत असायची गरजच नव्हती. आकडा दिला की पुरे. ती एक मेथड तेवढी पुन्हा स्टॅटिक केली. या वेळी का करतेय ते मला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळपर्यंत सरांचा शर्टही त्यांच्या मापाचा झाला. जळगावला निघायच्या आदल्या दिवशी चाचांनी मला स्टुलावर उभं केलं, मापं घेतली आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, स्वतः माझी नोंद केली. मग स्क्रीनजवळ नाक नेऊन सरांची, आबांची आणि माझी मापं वेगळी दिसतायत ना, हे दोनदा तपासलं आणि मगच माझ्या कुर्त्याच्या कापडावर खडू टेकवला.