कोमट एरंडेल

व्हाइटफील्डच्या आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर कुणीतरी एरंडेल कोमट करतं आहे. त्या जड वासासरशी मी मल्लेश्वरमच्या घरी, अण्णांच्या पायाशी जाऊन बसते.

अण्णा म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. दिवसभर फळ्यापाशी उभे असायचे. त्या रविवारी त्यांची डावी पोटरी सुजून लाल, गरम झाली होती. नऊ वर्षांची मी तेलाची वाटी घेऊन ती चोळत होते. खिडकीतून पिवळं ऊन येत होतं, अण्णांचे डोळे मिटलेले होते. "स्वल्प जोरात, पुट्टी," ते पुटपुटले; लाडानं मला ते पुट्टी, म्हणजे छोटी, म्हणत. मी थोडा जोर लावला.

तेवढ्यात अक्का, म्हणजे त्यांची मोठी बहीण, दवाखान्यातली नर्सची ड्यूटी संपवून आली. पाय पाहताच तिनं माझं मनगट धरलं. "हात काढ." मग अण्णांना हळूच म्हणाली, "पायातलं रक्त शिरेतून वर हृदयाकडे जातं. वाटेत गुठळी अडकली असेल, म्हणून ही सूज. चोळून ती सुटली तर थेट फुप्फुसात जाईल. हलू नकोस, मी रिक्षा आणते."

मी रडायला लागले. अण्णांनी मला जवळ ओढलं आणि रिक्षा येईपर्यंत वाटीतलं उरलेलं तेल माझ्या केसांत जिरवत राहिले.

अण्णा पुढे पुष्कळ वर्षं जगले. पण त्या दिवशी त्यांची बोटं माझ्या केसांत थरथरत होती, हे मला आज या वासात आठवलं. तेव्हा वाटलं होतं, ते माझी समजूत घालताहेत.